परदेशी पर्यटनस्थळी गळेपडू विक्रेते आणि टिपची मागणी : घरातून निघण्यापासून शेवटच्या दिवसापर्यंत काय, केव्हा आणि कोणत्या क्रमाने करावे

गोव्यातून परदेशी सहलीला जाऊन आलेल्या मंडळींशी बोलताना एक तक्रार हमखास निघते. विमान वेळेवर होते, हॉटेल स्वच्छ होते, पण प्रत्येक प्रेक्षणीय स्थळी कुणीतरी मागे लागले, हातात काहीतरी कोंबले, न विचारता फोटो काढून दिला आणि मग पैशांसाठी वाट अडवून उभे राहिले. म्हापसा आणि फोंडा परिसरातील ज्येष्ठांच्या लहान गटांबरोबर मी काही वर्षे सहलप्रमुख म्हणून जातो आहे आणि जवळजवळ प्रत्येक प्रसंगात मला एकच चूक दिसली आहे : क्रम उलटा होतो. आधी वस्तू हातात घेतली जाते किंवा उंटावर बसले जाते, मग भाव विचारला जातो, आणि पाकिटात सुटे पैसे आहेत की नाहीत हे सर्वांत शेवटी पाहिले जाते. सुटे पैसे आधी, भाव त्यानंतर आणि वस्तू किंवा सेवा सर्वांत शेवटी, हा क्रम सांभाळला तर बहुतेक प्रसंग उद्भवतच नाहीत. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा टप्पा गाळला, तर त्याच्या पुढचा टप्पा अवघड होतो.

टप्पा १ : निघण्यापूर्वी, घरी

पहिले काम सहल कंपनीशी आहे. पॅकेजमध्ये टिप धरली आहे का, धरली असल्यास कोणाकोणासाठी आणि किती दिवसांची, हे ईमेलने किंवा व्हॉट्सॲपवर लेखी विचारून घ्यावे. फोनवरचे उत्तर उपयोगाचे नाही. विचारताना माणसांची नावनिशी यादीच द्यावी : स्थानिक गाइड, बसचा ड्रायव्हर, होडीवाला, उंट किंवा घोडागाडी हाकणारा, हॉटेलात सामान उचलणारा. मी स्वतः एका सहलीच्या वेळी हे विचारायचे विसरलो आणि आमच्या अठरा जणांच्या गटाने ड्रायव्हरची टिप दोनदा भरली. एकदा इथे पॅकेजच्या रकमेत आणि दुसऱ्यांदा तिथे, शेवटच्या दिवशी बसमध्ये फिरवलेल्या लिफाफ्यात. कागदावर काहीच नव्हते, त्यामुळे परत आल्यावर दाद मागायलाही जागा उरली नाही. ज्येष्ठ मंडळींनी मोजून आणलेले पैसे माझ्या निष्काळजीपणामुळे गेले, याची रुखरुख मला अजूनही आहे.

दुसरे काम म्हणजे ज्या देशाला जायचे, त्या देशाची एक पानाची टिपणवही. तिच्यात चार गोष्टी पुरतात. तिथल्या प्रत्येक नोटेचा रंग आणि तिची रुपयांतली अंदाजे किंमत, हॉटेलच्या बिलात सेवाशुल्क आधीच लावतात की नाही, ‘नको, धन्यवाद’ला तिथला शब्द, आणि पर्यटक पोलिसांचा क्रमांक.

नकाराचा शब्द स्थानिक भाषेत येणे फार महत्त्वाचे आहे, कारण इंग्रजीत नकार देणारा माणूस नवखा समजला जातो. इजिप्त, मोरोक्को आणि आखातात ‘ला, शुक्रन’ म्हणावे. आपल्याकडे आखातात नोकरी केलेले कुणी ना कुणी ओळखीत असतेच, त्यांच्याकडून उच्चार ऐकून घ्यावा. तुर्कस्तानात ‘हायर, तेशेक्युरलेर’, थायलंडमध्ये ‘माय आओ’, व्हिएतनाममध्ये ‘खोंग, काम अन’, बालीत ‘तिदाक, तरिमा कासी’, फ्रान्समध्ये ‘नों, मेर्सी’. पोर्तुगालला जाणाऱ्याने ‘नाउं, ओब्रिगादु’ म्हणावे, स्त्रियांनी ‘ओब्रिगादा’. गोव्यातल्या जुन्या पिढीला हे शिकवावे लागत नाही.

तिसरे काम सुट्या नोटांचे. चलन बदलून देणारा आपल्याला शंभर डॉलरच्या नोटा देऊन मोकळा होतो. त्यातली काही रक्कम १, ५ आणि १० डॉलरच्या स्वच्छ, न दुमडलेल्या नोटांमध्ये मागून घ्यावी. फाटक्या किंवा पेनाने काही लिहिलेल्या डॉलर-नोटा अनेक देशांत घेतच नाहीत. स्थानिक चलन तिथल्या एटीएममधून काढले, तर मोठ्याच नोटा येतात. त्या हॉटेलच्या काउंटरवर किंवा मोठ्या दुकानात पाण्याची बाटली घेऊन मोडाव्यात. पहिली मोठी नोट उंटवाल्यासमोर मोडायला काढणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

*तपासा :* टिपेविषयीचे लेखी उत्तर मोबाइलमध्ये आहे का? टिपणवहीचे पान छापून पर्समध्ये ठेवले आहे का? उन्हात, गर्दीत, बॅटरी संपत आलेली असताना मोबाइलमध्ये शोधत बसता येत नाही.

टप्पा २ : रोज सकाळी, हॉटेलची खोली सोडण्यापूर्वी

पैसे तीन जागी विभागावेत. दिवसभरात लागतील तेवढ्या सर्वांत लहान नोटा पुढच्या खिशात किंवा छोट्या बटव्यात ठेवाव्यात. त्या दिवशीच्या खरेदीची रक्कम बॅगेच्या आतल्या कप्प्यात असावी. मोठ्या नोटा, कार्ड आणि पासपोर्ट कमरेच्या पट्ट्यात किंवा हॉटेलच्या तिजोरीत जावेत. यामागचे कारण केवळ चोरीचे नाही. विक्रेत्यासमोर पाकीट उघडले, की त्याची नजर आधी आत जाते आणि त्यानंतर तो सांगतो तो भाव तुमच्या पाकिटाचा असतो, वस्तूचा नसतो.

आपल्याकडील अनेक जोडप्यांत सगळे पैसे एकट्या यजमानांकडे असतात आणि पत्नीला प्रसाधनगृहाच्या दारात उभ्या असलेल्या बाईला देण्यासाठीही परत मागे यावे लागते. इजिप्तमध्ये अशा ठिकाणी कागदी रुमाल हातात देऊन पैसे अपेक्षिले जातात आणि तिथे खरोखरच द्यावेत. म्हणून लहान नोटांचा एक बटवा प्रत्येकाकडे स्वतंत्र असावा.

नोटांचे रंग रोज सकाळी एकदा पाहून घ्यावेत. व्हिएतनाममध्ये २०,००० डोंगची आणि ५,००,००० डोंगची, या दोन्ही नोटा निळसर असतात. हनोईत एका संध्याकाळी मी शहाळेवाल्या बाईला घाईघाईत २०,००० समजून ५,००,००० दिले, म्हणजे पंचवीस पट. तिने नोट उजेडाकडे धरली, माझ्याकडे पाहिले आणि परत केली. तिच्या सचोटीमुळे मी वाचलो. त्यानंतर मोठ्या निळ्या नोटा मी खिशात ठेवतच नाही. इंडोनेशियात १०,००० आणि १,००,००० रुपियामध्ये शून्यांचा गोंधळ होतो. इजिप्तमध्ये पन्नास पौंडांच्या नोटेखेरीज पन्नास पियास्तरांचीही कागदी नोट आहे आणि १०० पियास्तरांचा एक पौंड होतो. सुटे परत देताना पन्नास पौंडांऐवजी पन्नास पियास्तर हातात ठेवणे, ही तिथली जुनी युक्ती आहे. दोन्ही नोटा पहिल्याच दिवशी हॉटेलच्या काउंटरवर पाहायला मागाव्यात.

टप्पा ३ : पहिली हाक आणि पहिले दहा सेकंद

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्यावर जरा थांबतो.

मंगेशीच्या वाटेवर फुलांची परडी पुढे करणाऱ्या बायकांसमोरून स्थानिक माणूस कसा जातो, ते आठवून पाहावे. तो चालण्याचा वेग कमी करत नाही, छातीजवळ तळहात किंचित वर करतो, मान हलवून कोकणीत ‘नाका’, म्हणजे ‘नको’, म्हणतो आणि पुढे जातो. कुणाचा अपमान होत नाही, बाई लगेच पुढच्या माणसाकडे वळते. त्याच जागी बाहेरगावचा पाहुणा थांबतो, हसतो, फुले छान आहेत म्हणतो आणि ‘येताना बघू’ असे सांगतो. परतताना तीच बाई त्याला अचूक ओळखते आणि तिचे म्हणणे रास्तच असते, कारण त्याने शब्द दिलेला असतो. परदेशात आपण सारे जण त्या पाहुण्याच्या जागी असतो. आपल्या गावात आपण जे सहज करतो, तेच तिथे करायचे आहे.

क्रम असा ठेवावा. पाऊल थांबवू नये. नजर विक्रेत्याच्या मालावर न ठेवता आपल्या वाटेवर ठेवावी. तळहात छातीजवळ ठेवून स्थानिक भाषेत नकाराचा शब्द एकदाच, सौम्य पण स्पष्ट आवाजात उच्चारावा. त्यानंतर बोलू नये. दुसऱ्यांदा कारण सांगायला गेलात, की वाटाघाटीला सुरुवात झाली. ‘पैसे नाहीत’ म्हटले, तर ‘कमी करून देतो’ असे उत्तर येते. ‘घरी आहे’ म्हटले, तर ‘भेट म्हणून न्या’ असे येते. नकाराला कारण जोडायचेच नाही.

‘नंतर’, ‘परत येताना’, ‘उद्या’ हे शब्द तोंडातून पूर्णपणे काढून टाकावेत. मराठी माणसाला सरळ ‘नको’ म्हणणे कठोर वाटते, म्हणून आपण ‘नंतर’ची पळवाट काढतो. ज्याचे पोट त्या दिवसाच्या विक्रीवर आहे, त्याला खोटी आशा लावणे हे नकारापेक्षा जास्त कठोर आहे.

‘कोणत्या देशाचे?’ हा प्रश्न सर्वत्र येतो. उत्तर दिलेच पाहिजे असे नाही. इजिप्तमध्ये भारतीय चेहरा दिसला, की ‘अमिताभ बच्चन!’ अशी हाक हमखास येते आणि आपली मंडळी कौतुकाने थबकतात. हसावे, हात हलवावा, पण पाय चालू ठेवावेत.

*सावधान :* प्रवेशद्वाराबाहेर भेटलेला सुटाबुटातला माणूस ‘आज बंद आहे’ असे सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. बँकॉकच्या ग्रँड पॅलेसबाहेर ही बतावणी वर्षानुवर्षे चालू आहे. पुढे तोच माणूस स्वस्त टुकटुक करून देतो आणि ती टुकटुक थेट रत्नांच्या दुकानात जाते. स्थळ उघडे आहे की बंद, हे फक्त तिकीटखिडकीवर कळते. तिथपर्यंत स्वतः चालत जावे.

टप्पा ४ : हातात, खांद्यावर किंवा डोक्यावर काही येऊ न देणे

हाक ओलांडली, की पुढचा प्रयत्न स्पर्शाचा असतो. वस्तू एकदा अंगावर आली, की ती परत देण्याची जबाबदारी आपल्यावर येते आणि भीड तिथेच आपल्याला गाठते.

पॅरिसमध्ये मोंमार्त्र टेकडीवरच्या साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांशी रंगीत दोरे घेऊन माणसे उभी असतात. ती बोट पकडतात, बघता बघता मनगटावर दोरा विणतात आणि गाठ मारल्यावर पैसे मागतात. तिथून जाताना हात खिशात किंवा छातीशी घडी घालून ठेवावेत. रोममध्ये स्पॅनिश पायऱ्यांजवळ गुलाब स्त्रियांच्या हातात दिला जातो आणि पैसे सोबतच्या पुरुषाकडे मागितले जातात. इस्तंबूलमध्ये बूटपॉलिशवाला आपल्या पुढे चालत असताना त्याचा ब्रश खाली पडतो. आपण तो उचलून देतो, तो आभार मानून बुटाला पॉलिश करायला बसतो आणि शेवटी रक्कम सांगतो. ब्रश पडलेला दिसला, तर त्याला हाक मारावी. वाकून उचलू नये. हनोईत फळे विकणारी बाई खांद्यावरची कावड तुमच्या खांद्यावर देते, फोटो काढायला सांगते आणि मग फळे घ्यावीच लागतात. गिझाच्या पिरॅमिडजवळ डोक्याला रुमाल गुंडाळून ‘भेट आहे’ असे सांगितले जाते.

मोरोक्कोत मराकेशच्या जेमा अल-फना चौकाविषयी वेगळे सांगायला हवे. तिथे खांद्यावर माकड किंवा गळ्यात साप ठेवून फोटोचे पैसे घेतात आणि मेंदीवाल्या बायका हात धरून नक्षी काढायला सुरुवात करतात. आपल्या बायकांना मेंदी ओळखीची वाटते, म्हणून त्या हात मागे घेत नाहीत. पण काळ्या मेंदीत केस काळे करण्याच्या कलपातले पीपीडी हे रसायन मिसळलेले असू शकते आणि त्याने कातडीवर फोड येतात, कधी कायमचे डाग राहतात. खरी मेंदी तपकिरी-लाल रंगते. प्रश्न इथे पैशांपुरता उरत नाही. हात ताबडतोब मागे घ्यावा.

वस्तू अंगावर आलीच, तर काय करावे? ती विक्रेत्याच्या हातात देण्याचा प्रयत्न एकदा करावा. तो हात मागे घेत असेल, तर ती जवळच्या कट्ट्यावर, पायरीवर किंवा त्याच्या टोपलीत अलगद ठेवावी आणि निघावे. फेकू नये. जमिनीवर टाकली, तर ‘नुकसान झाले’ असा नवा वाद उभा राहतो.

*तपासा :* पर्यटनस्थळी पाऊल ठेवताना दोन्ही हातांत काही ना काही आहे का? पाण्याची बाटली, छत्री, टोपी काहीही चालेल. रिकाम्या पसरलेल्या हातातच वस्तू येते.

टप्पा ५ : खरोखरच हवे असेल, तर आधी चार प्रश्न

उंटावर बसायचेच आहे, होडीत फिरायचेच आहे, गालिचा घ्यायचाच आहे, तर अवश्य घ्यावा. त्यासाठीच आपण गेलेलो असतो. पण चढण्यापूर्वी, उभ्या उभ्या, चार प्रश्नांची उत्तरे घ्यावीत.

पहिला, कोणते चलन? दुसरा, एकट्याचे की सर्वांचे मिळून? तिसरा, किती वेळ आणि कुठपर्यंत? चौथा, परत आणून उतरवण्यासह की त्याविना?

चारही प्रश्न का विचारावे लागतात, ते एका प्रसंगातून सांगतो. गिझाला आमच्या गटातील एका काकांनी उंटवाल्याशी ‘टू हंड्रेड’ ठरवले. काकांच्या मनात इजिप्शियन पौंड होते. उंट उठला, वाळूत दूरवर गेला, पिरॅमिडची टोके एका रांगेत दिसतील अशा जागी थांबला. उंटवाल्याने काकांचा फोन घेऊन सुरेख फोटो काढले. मग लगाम हातात धरून, उंटाला खाली न बसवता, तो म्हणाला, की दोनशे हे चढण्याचे होते, उतरण्याचे वेगळे, आणि फोटोचेही वेगळे. काका सत्तरीचे, गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. एवढ्या उंचीवरून उडी मारणे शक्यच नव्हते. ते वरून मला हाका मारत होते आणि फोन अजूनही उंटवाल्याच्या हातात होता. मी आधी फोन मागून घेतला, मग तोच चार प्रश्नांचा हिशेब उशिरा का होईना मांडला आणि ठरल्यापेक्षा थोडे जास्त देऊन काकांना उतरवले. तसे केले, कारण त्या क्षणी गुडघा रकमेपेक्षा मोलाचा होता. पण त्या दिवसापासून चार उत्तरे मिळाल्याशिवाय मी गटातील कुणालाही पायरीवर पाय ठेवू देत नाही.

रक्कम बोलून ठरवू नये, मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर टाइप करून दाखवावी आणि पुढे चलनाचे नाव लिहावे. ‘फिफ्टी’ आणि ‘फिफ्टीन’ कानाला सारखेच लागतात आणि ‘पौंड’ म्हणजे ब्रिटिश पौंड असेही नंतर सांगितले जाते. विक्रेत्याने मान डोलावली, की त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवावा. गोव्यात टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यायची सवय आपल्याला आहेच. तीच इथे पूर्ण करायची आहे.

घासाघिशीविषयी एकच नियम, पण तो पक्का आहे. आपण बोललेला भाव विक्रेत्याने मान्य केला, तर वस्तू घ्यावीच लागते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भाव पाडून मग पाठ फिरवणाऱ्याला जे ऐकावे लागते, तेच इस्तंबूलच्या ग्रँड बझारमध्येही ऐकावे लागेल, आणि ते योग्यच आहे. घ्यायचे नसेल, तर आकडा उच्चारू नये. तुर्की दुकानात मिळणारा चहा मात्र निःसंकोच प्यावा. तो तिथला पाहुणचार आहे; चहा घेतला म्हणून गालिचा घेण्याचे बंधन येत नाही.

टप्पा ६ : पैसे देताना

ठरलेली रक्कम आधीच मोजून वेगळी काढावी, नोट देताना तिची किंमत मोठ्याने म्हणावी आणि सेवा पूर्ण झाल्यावर, दोन्ही पाय जमिनीवर आल्यावरच द्यावी. मोड परत घेण्याची वेळ शक्यतो येऊ देऊ नये. आलीच, तर जागेवर उभे राहून मोजावी.

कार्ड मशीनवर ‘भारतीय रुपयांत की स्थानिक चलनात?’ असा प्रश्न आला, तर स्थानिक चलन निवडावे. रुपये निवडले, तर समोरच्या कंपनीचा दर लागतो आणि तो सहसा महाग असतो.

टप्पा ७ : टिप कुठे द्यायची, कुठे नाही, आणि मागितली तर काय

इजिप्तमध्ये टिपेला ‘बक्षीश’ म्हणतात. आपल्या ‘बक्षीस’ आणि ‘बक्षिसी’चे ते सख्खे भावंड आहे, दोन्हींचे मूळ फारसीत आहे, पण अर्थामध्ये मोठा फरक पडला आहे. आपल्या मनात बक्षिसी म्हणजे खूश होऊन दिलेली रक्कम. तिथे दार उघडणे, सामान उचलणे, वाट दाखवणे, अशा लहान कामांचा तो रोजचा मेहनताना समजला जातो. म्हणून तिथे प्रत्येक मागणी फसवणूक समजून चिडणे चुकीचे आहे आणि प्रत्येक मागणीला खिशात हात घालणेही चुकीचे आहे. मी एकच कसोटी लावतो : हे काम मी मागितले होते का, किंवा त्याचा मला खरोखर उपयोग झाला का? बॅग उचलली, प्रसाधनगृह स्वच्छ ठेवले, तर ५, १० किंवा २० पौंडांची नोट आनंदाने द्यावी. मंदिरातला पहारेकरी दोरीपलीकडच्या कोपऱ्यात बोटाने बोलावतो आणि फोटो काढू देतो, तिथे जाऊच नये. त्या कोपऱ्यात जाणे नियमाविरुद्ध असते आणि पैसे त्या नियमभंगाचे असतात. फोटोची परवानगी तिकीटखिडकीवर विचारून घ्यावी.

रेस्टॉरंटचे बिल आले, की टिपेचा विचार करण्यापूर्वी ते खालून वर वाचावे. इजिप्तमध्ये बऱ्याच रेस्टॉरंटांच्या बिलात १२ टक्के सेवाशुल्क आधीच असते. सिंगापूरमध्ये १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के कर लागतो, वेगळी टिप अपेक्षित नाही. थायलंड आणि बालीतील मोठ्या हॉटेलांच्या मेनूकार्डावर किमतीपुढे ‘++’ अशी अधिकची दोन चिन्हे दिसली, तर कर आणि सेवाशुल्क वरून लागणार, असा त्याचा अर्थ होतो. लंडनमध्ये साडेबारा टक्के ‘ऐच्छिक’ सेवाशुल्क लावलेले असते. सेवा वाईट असेल, तर ते काढून टाका असे सांगण्याचा हक्क ग्राहकाला आहे. फ्रान्समध्ये सेवाशुल्क किमतीतच धरलेले असते, वर चार नाणी ठेवली तरी पुरते. इटलीत ‘कोपेर्तो’ नावाने माणशी आकार लागतो. ती टिप नव्हे, टेबलाचा आकार आहे. पोर्तुगालमध्ये न मागता पाव, लोणी, ऑलिव्ह आणि चीज टेबलावर येते. गोव्यातल्या माणसाला पावाची टोपली दिसली, की हात आपोआप जातो, पण तिथे खाल्लेल्याचे पैसे लागतात. हात न लावता परत पाठवले, तर लागत नाहीत.

अमेरिकेत मात्र उलटे आहे. तिथे टिपेवर काम करणाऱ्यांसाठी केंद्राचे किमान वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच राहिले आहे. काही राज्यांत ते जास्त आहे, पण वाढप्याचा संसार बहुतांशी टिपेवर चालतो. तिथे बसून जेवल्यावर १५ ते २० टक्के टिप द्यायचीच, असे समजून खर्चाचा अंदाज बांधावा. सामान उचलणाऱ्याला बॅगेमागे १ ते २ डॉलर द्यावेत. कार्ड मशीन फिरवून समोर धरले आणि त्यावर २५ टक्क्यांचे बटण दिसले, तर गडबडून ते दाबू नये. स्वतःचा आकडा भरण्याची सोय त्याच स्क्रीनवर असते. काउंटरवरून स्वतः उचललेल्या कॉफीवर टिप देण्याचे बंधन नाही.

जपानमध्ये टिप देऊ नये. टेबलावर पैसे ठेवले, तर वाढपी ते परत करायला रस्त्यापर्यंत धावत येतो आणि दोघांनाही अवघडल्यासारखे होते. वाकून आभार मानणे तिथे पुरेसे आहे.

*सावधान :* टिप परदेशी नाण्यांत देऊ नये. डॉलर किंवा युरोची नाणी स्थानिक बँका बदलून देत नाहीत. म्हणूनच इजिप्त-मोरोक्कोत मुले पर्यटकांकडे नाणी घेऊन येतात आणि त्यांच्या बदल्यात नोट मागतात. भारतीय नोटाही देऊ नयेत. घेणाऱ्याच्या हाती कागद पडतो आणि आपल्याला वाटते, दान झाले.

लहान मुले पैसे मागत असतील किंवा शाळेच्या वेळी वस्तू विकत असतील, तर मी देत नाही. हे सांगताना मला त्रास होतो, कारण हात पुढे केलेले मूल सात-आठ वर्षांचे असते. पण पर्यटकांचे पैसे जितके सहज मिळतात, तितके ते मूल शाळेऐवजी त्या पायरीवर पाठवले जाते. मदत करायची असल्यास तिथल्या मोठ्या माणसाकडून रास्त भावात काहीतरी विकत घ्यावे.

टप्पा ८ : तरीही अडकलात, तर

आवाज चढवू नये, अंगाला हात लावू नये आणि मोबाइल समोर धरून चित्रीकरण सुरू करू नये. या तिन्हींनी गर्दी जमते आणि ती गर्दी आपल्या बाजूची नसते. ठरलेल्या रकमेचा स्क्रीनचा फोटो दाखवावा, तेवढीच रक्कम हातात ठेवावी आणि तिकीटखिडकीच्या किंवा गणवेशधारी माणसाच्या दिशेने चालू लागावे. बहुतेक वेळा तेवढ्यावर प्रकरण मिटते. पर्यटक पोलिसांचा क्रमांक इजिप्तमध्ये १२६ आणि थायलंडमध्ये ११५५ आहे. युरोपीय संघाच्या देशांत आणि तुर्कस्तानात संकटकाळी ११२ चालतो.

एकटे असाल, अंधार पडला असेल किंवा समोर तिघे-चौघे असतील, तर पैसे देऊन मोकळे व्हावे. पुढच्या खिशात मुद्दाम कमी रक्कम ठेवायला सांगितले, ते याचसाठी.

गटात असताना एक सांकेतिक वाक्य ठरवून घ्यावे. आमच्या गटात ‘चला, बस आली’ असे कुणी म्हटले, की जो अडकला असेल त्याच्याजवळ दोघे जण जातात, त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि तिघे मिळून निघतात. विक्रेत्याला मराठी कळत नाही आणि कुणाचा पाणउतारा होत नाही. एकट्यालाच पुढे करून बाकीचे लांबून हसत उभे राहिले, तर तो माणूस घाबरून खिसा रिकामा करतो, हे मी पाहिले आहे.

टप्पा ९ : शेवटच्या दिवशी

विमानतळावर चलन बदलणारे नाणी घेत नाहीत आणि लहान नोटांचे फारसे काही हाती लागत नाही. म्हणून ज्या देशांत टिपेची रीत आहे, तिथे उरलेली नाणी आणि लहान नोटा खोली सोडण्यापूर्वी मोजाव्यात आणि खोली साफ करणाऱ्या व्यक्तीसाठी उशीवर, ‘धन्यवाद’ असे लिहिलेल्या चिठ्ठीखाली ठेवाव्यात. चिठ्ठी नसेल, तर अनेक जण ते विसरलेले पैसे समजून हात लावत नाहीत.

त्यातल्या सात-आठ लहान नोटा मात्र वेगळ्या लिफाफ्यात घालून, वर देशाचे आणि चलनाचे नाव लिहून, घरी आणाव्यात. पुढच्या मोसमात त्याच देशाला निघालेल्या शेजाऱ्याला तो लिफाफा द्यावा. विमानतळावर उतरल्यानंतरच्या पहिल्या तासात, एटीएमपर्यंत पोचण्याआधी, प्रसाधनगृहाच्या दारात आणि सामानाच्या गाडीपाशी त्याला त्या नोटा लागतील.